मावा नव्हे, देवी

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना एका खोलीचा. टेबल, खुर्ची, लसींचा फ्रीज, आणि खिडकीच्या गजाला बांधलेली एखादी शेळी. त्या शिकत होत्या तेव्हा वडील म्हणाले होते, "माणसांची डॉक्टर झालीस तर चार लोक मान देतील." त्या म्हणाल्या, "शेळी निदान खोटं बोलत नाही."

खोटं बोलत नाही, पण तिला विचारावं लागतं. गेल्या आठवड्यात बाईंनी विचारलं नव्हतं.

काकू एक करडू घेऊन आल्या होत्या. दारातूनच त्यांनी त्याचा जबडा धरला. "मावा झालाय, बाई." मावा म्हणजे तोंडाला येणाऱ्या खपल्या. हा शब्द निघाला की मालक तोंड पुढे करतो आणि डॉक्टरही तोंडच बघतो. ओठांवर खपल्या होत्या. बाईंनी मलम दिलं, वहीत 'मावा' लिहिलं.

आठव्या दिवशी काकू रिकाम्या हातांनी आल्या. "करडू गेलं. आता आईपण चारा सोडून बसलीय."

बाईंनी पिशवी उचलली.

शेळीला एकशे सहा ताप होता. नाक वाहत होतं. काकूंनी सवयीने जबडा धरला.

"तोंड राहू द्या. शेपटी वर करा."

"अगं बाई! तिकडे काय ठेवलंय?"

शेपटीखाली, जिथे केस नसतात, तिथे टणक गाठी होत्या. मांडीच्या आत होत्या. कासेवरही होत्या. बाईंनी उकिडवं बसून एकेक गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "काकू, हा मावा नव्हे, देवीचा रोग आहे. तेव्हाच मी करडाची शेपटी उचलायला हवी होती."

त्यांनी खपल्या बाटलीत घेतल्या, बर्फात ठेवून प्रयोगशाळेला पाठवल्या. उत्तराला पाच दिवस लागणार होते. आणि शेजारचे अण्णा आपल्या अडतीस शेळ्या घेऊन उद्याच बाजाराला निघणार होते. अण्णांच्या शेळ्या काकूंच्या शेळ्यांबरोबर एकाच माळावर चरत. बाजारातून त्या पन्नास गोठ्यांत पांगल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर देवीही.

दोघी शेजारी गेल्या, तेव्हा अण्णा फाटकातच आडवे उभे राहिले. "आठ दिवसांपूर्वी मावा, आज देवी. उद्या काय, दातदुखी?"

"तेव्हा मी चुकले. म्हणून तर आज आले. उद्याचा बाजार नको, अण्णा. सगळ्या शेळ्या तपासू द्या."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तरीही तीन आठवडे बाजार नाही. अंगात असली तर तेवढ्या दिवसांत उमटते."

"मग बघायचं तरी कशाला?"

"ज्यांना ताप नाही, त्यांना आजच लस द्यायला."

अण्णा काकूंकडे वळले. "वहिनी, तुमचं करडू गेलं ते हिच्याच मलमाने ना?"

काकू म्हणाल्या, "चूक आपल्या तोंडाने कबूल करणारा डॉक्टर मी तरी आजवर पाहिला नव्हता. सरका बाजूला."

अण्णा सरकले. "करा काय ते. मी शेपट्या धरणार नाही."

शेपट्या काकूंनी धरल्या. बाई ताप बघत, मांड्या बघत, कास चाचपत, लस टोचत पुढे सरकत होत्या. ऊन चढलं. दहा झाल्या, वीस झाल्या. अण्णा भिंतीला टेकून मोठ्याने आकडे म्हणत होते, टोमणा म्हणून. पंचवीस. सव्वीस.

सत्ताविसावी पांढरी शेळी होती. अण्णांची लाडकी. तिचे कान गरम होते. बाईंनी लसीची सुई खाली ठेवली आणि एक हातमोजा अण्णांपुढे धरला.

"या. बोट लावून बघा."

अण्णांनी शेपटीखाली बोट लावलं. गाठ डाळीच्या दाण्याएवढी होती. ते आकडे म्हणायचे थांबले.

मग त्यांनी पांढरीला स्वतः सोडवलं, लांबच्या कोपऱ्यात एकटीला बांधलं. फाटकाला आतून कडी घातली. बाईंनी दिलेला दुसरा हातमोजा चढवून परत आले आणि पुढच्या शेळीची शेपटी उचलून म्हणाले,

"बघा लवकर. हिच्यानंतर अजून दहा आहेत."