जाजमाच्या कडेला

इंग्रजी अमदानीत रत्नागिरीला आमच्या पक्षाची कचेरी होती. तिथं रोज संध्याकाळी एक म्हातारा जाजम अंथरायचा आणि स्वतः कडेला टेकायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

नगरपालिकेचं अध्यक्षपद हातचं जाणार, अशी चिन्हं दिसली आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी मंडळी हमरीतुमरीवर आली. हरलो तर पक्ष मोडावा, असं अर्धे म्हणत होते. उरलेल्यांना समोरच्यांत जायची घाई. सगळे ओरडून दमल्यावर म्हातारा म्हणाला, "हरलाव तरी जाजम आंथरनारच मी. कोन ना कोन येल बसायला."

आम्ही हरलो. दुसऱ्या संध्याकाळी मी कचेरीत गेलो. अख्खं जाजम रिकामं होतं. तरी मला बघून तो आणखी थोडा कडेला सरकला.