मेणावरचा गंगूताईचा आवाज

अगं पोरींनो, जवळ सरका जरा. इथं ग्रुपवर कुणी काही लिहिलं की तुमचं लगेच सुरू — "भास झाला असेल"... आधी ऐकून तर घ्यावं माणसानं! भुताखेतांवर माझाही कधी विश्वास नव्हता, आजही नाही. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

महायुद्धाचे दिवस. आम्ही तिसगावात राहायचो. माणसं रोजच्या बोलण्यात उच्चार कसे करतात, त्याचा अभ्यास करायला पुण्याहून एक प्रोफेसर आले. बरोबर कर्ण्याचं यंत्र. कर्ण्यात बोललं की मेणाच्या फिरत्या नळकांड्यावर आवाज कोरला जायचा. आमच्या पडवीत बायका बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या, तिथंच त्यांनी यंत्र मांडलं. झालं! एरवी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया एकदम "आपलं जेवण झालं का?" करायला लागल्या.

प्रोफेसर वैतागले. "अहो, रोजचं बोला!"

काकीला तेवढंच हवं होतं. माझी थोरली बहीण गंगूताई जन्माची मुकी. ऐकू सगळं यायचं, शब्द मात्र कधी फुटला नाही. ती शेजारीच शेंगा फोडत बसलेली. तिच्यादेखत काकी आईला म्हणाली, "हिला कोन करून घेनार गं? जल्मभर तुज्याच उरावर हाय ही."

आई मान खाली घालून शेंगा फोडत राहिली. यंत्र फिरतच होतं, आणि पडवीत नुसता शेंगा फुटण्याचा आवाज.

मग प्रोफेसरांनी नळकांडं फिरवून ऐकवलं. काकीचं बोलणं आलं... आणि पाठोपाठ तरण्या पोरीचा स्वच्छ आवाज — "तुज्या उरावर तर न्हाई ना, काकी? मग फोड की शेंगा गुमान!"

काकीच्या हातातलं सूप पडलं. आम्ही गंगूताईकडे बघतोय — ओठ मिटलेले, डोळे मात्र हसत होते.

आईनं कर्ण्याला कान लावला. "दादा, पुन्यांदा लावा. माज्या लेकीचं बोलनं हाय ते."

आणि तो शिकलेला माणूस काय म्हणाला, माहितीय? "कुणीतरी मस्करी केलीय. हा नमुना बाद." लढाईमुळे नवं मेण मिळत नाही, तेच पुन्हा वापरायचं म्हणे! आईच्या डोळ्यांदेखत त्यानं पातं लावून सगळं खरवडून काढलं. अरे, रोजचं बोलणं हवं होतं ना तुला? पोरीनं चुलतीला उलटून बोलावं, याहून रोजचं काय असतं!

आईनं तो भुगा पदरात गोळा केला. जाईपर्यंत त्या माणसाला पाणी विचारलं नाही.

पडवीत दुसरी तरणी पोर नव्हती. मी होते, पण दहा वर्षांची, आणि माझा आवाज माझ्या आईला कळला नसता? तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही.

गंगूताई माझ्याजवळच असते. त्यानंतर कधी बोलली नाही. तुम्ही या एकदा, लवकर या, आमची दोघींची वयं झालीत. गरम भाकरी टाकीन. फक्त एक करा... उत्तर येत नाही म्हणून तिच्याशी बोलायचं सोडू नका.