उजव्या तळहातावरचं इष्टलिंग

आप्पा माझ्याशी भांडले नाहीत, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सोनपेठला माझं वाद्यांचं दुकान आहे. कुणी शिकवलं नाही. मोडकी वाद्यं खोलून खोलून शिकलो. अलीकडे लोकांना लाकडावर चित्र लागतं. छापील कागद गोंदानं पालथा चिकटवायचा, वाळल्यावर ओल्या बोटानं चोळून काढायचा. शाई तेवढी लाकडावर राहते. कागद पालथा पडल्यानं चित्राचं डावं उजवं होतं, म्हणून छापतानाच ते उलटं छापून घ्यावं लागतं.

राणीसावरगावचे आप्पा आले ते एकतारी घेऊन. मीच केलेली, सागवानी. त्यांच्या मुलासाठी ती घेताना आम्ही तासभर घासाघीस केली होती. मुलगा आता आजारानं गेला होता. त्याचा हात टेकून टेकून एका अंगाला लाकूड काळं, गुळगुळीत झालं होतं.

"इथंच त्याचा फोटो उतरवा, मिस्त्री. शिवरात्रीच्या भजनात संगं असू द्या. पण घासू नका. त्याचा घाम हाय त्यात."

फोटोत मुलगा पूजेला बसलेला, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग.

फोटो छपाईवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "उलटं काढायचे जादा पडतील."

"बटण दाबायचे पैसे? उद्या दुकानात उभं राहायचेही घेशील!"

माणसं जमली, तसा मला जोर चढला. शेवटी त्यानं कागद माझ्यापुढं फेकला. "न्या तुमच्याच भावात, पण जा एकदाचे!"

जिंकल्याच्या तोऱ्यात मी कागद नीट बघितलाही नाही. देवांच्या चित्राखाली अक्षरं असतात, ती कागदावर सुलटी दिसली की चूक लगेच कळते. इथं अक्षरं नव्हती. चित्र सुरेख उतरलं. वर पॉलिशचे दोन हात दिले.

आप्पांनी एकतारी मांडीवर घेतली. चित्र उजेडाकडे धरलं.

"मिस्त्री, लिंग उजव्या हातात कसं आलं? आमी डाव्या तळहातावर धरतो. अन् भांगबी तिकडं गेलाय." मग हळूच म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई दिसत."

मी छपाईवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. म्हणालो, "आणा, घासून काढतो. उद्या नवं उतरवतो."

आप्पांनी चित्रावर हात ठेवला. "घासू नका म्हणलं व्हतं ना."

त्यांनी एकतारी उपरण्यात गुंडाळली आणि एसटी स्टँडकडे गेले. ते चिडले असते तर मीही चिडलो असतो. ते मला जमतं.

शिवरात्रीला दुपारी मी नवी एकतारी घेऊन राणीसावरगावला गेलो. मोल न करता द्यायला निघालेली माझी पहिलीच वस्तू. मठात भजन चालू होतं. दोन भजनांच्या मधे मी ती आप्पांपुढं ठेवली.

"फुकट? तुमी?" मृदंगवाला हसला. "बघा आप्पा, आत भुंगा लागलेला आसंल!"

आप्पा हसले नाहीत. "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. हीच बरी हाय."

"अहो, शिव्या तरी द्या मला!" मी ओरडलो. सगळं भजन माझ्याकडं वळून बघायला लागलं.

आप्पांनी तार जुळवली आणि पुढचं भजन धरलं. एकतारी त्यांनी उलटी धरली होती, चित्र पोटाकडे करून. प्रत्येक ठेक्याला सदऱ्याची गुंडी त्या चेहऱ्यावर घासत होती. खाली पोराच्या घामाचं लाकूड होतं.