मंगळावरचा हिरवा बेदाणा

विज्ञानाची गोडी लागावी म्हणून मी भाचीला मंगळावरील वसाहतीची एक किशोर-कादंबरी दिली. तासगावात तिच्या घरची द्राक्षबाग आहे. निम्म्यावरच तिने पुस्तक मिटले.

"मावशी, ह्यांनी द्राक्षं उघड्या उन्हात वाळवली, आन् बेदाणा म्हणं हिरवागार! उन्हात काळा पडतोय की. म्हणून तर आमी शेडच्या सावलीत, जाळीवर वाळवतो."

मी पुढची पाने चाळली. तिथेही निष्काळजीपणाच होता. माझी निराशा झाली. आता विज्ञानावरूनच तिचे मन उडेल, ही धास्ती त्याहून मोठी होती.

"दुसरं पुस्तक आणू का?" मी विचारले.

"थांब की! मंगळावर सावलीत द्राक्षं वाळतील का गोठतील, ते आधी सांग."

मग मंगळाच्या विरळ हवेत सावली किती गार असते, हे आम्ही दोघी शोधू लागलो.