पाढे बंद असलेला वर्ग

मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत रुख्मिणीबाई बावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर वीसपर्यंतचे पाढे झोपेतही म्हणायचं. रस्त्यानं जाणारा माणूस शाळेची पारख कानानंच करायचा: पाढ्यांचा गलका असला की बाई शिकवतात, नसला की बसल्या असतील मोबाइल घेऊन. त्यामुळे यंदा जुलैत पाढे बंद पडले तशी तांड्यात कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापक भाऊसिंग सरांनीही विचारलं, "बाई, शायेनं मौनव्रत धरलं काय?"

कारण होतं सात वर्षांची वैभवी. अकोल्याच्या डॉक्टरनं कागदावर 'स्वमग्नता' लिहून दिलं होतं. त्याचा वर्गातला अर्थ असा, की वैभवी बोलत नव्हती, नजर देत नव्हती, आणि मध्येच असं काही बिनसायचं की ती भिंतीवर डोकं आपटायची, हाताला लागेल त्याला चावायची. पहिल्याच आठवड्यात ती तीन पोरांना आणि एकदा खुद्द बाईंना चावली. बाईंचं या विषयातलं प्रशिक्षण दोन दिवसांचं. त्यात एक फाइल मिळाली आणि दोनदा चहा. तालुक्याला विशेष शिक्षक एक आणि शाळा ढीगभर, तो महिन्या-दोन महिन्यांतून मोटरसायकलवर यायचा. पण बिचाऱ्यानं एक गोष्ट लाख मोलाची सांगितली: पोरगी चावली की लिहून ठेवा, त्याच्या आधी काय झालं होतं ते.

बाईंनी वही केली. दहा-बारा वेळा लिहिल्यावर घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला की वैभवीचं बिनसायचं. एकेकट्यानं कितीही बडबड करा, तिचं काही म्हणणं नव्हतं. मग पाढे एकेकट्यानं सुरू झाले, प्रार्थनेच्या वेळी वैभवी आजीबरोबर हापशीपाशी थांबू लागली, आणि वर्गात भिंतीकडेला तिची जागा ठरली. समोर तूर आणि सोयाबीन मिसळलेला डबा ठेवायचा, ती निवडत बसायची. ऑक्टोबर येईतो चावणं थांबलं. पोरं तर इतकी शहाणी झाली, की कुणी जोरात शिंकलं तरी बाकीची डोळे वटारायची.

घाई होती ती दिवाळीची. दिवाळी झाली की वैभवीचे आईबाप ऊसतोडीला जाणार. मागच्या वर्षी तिला सोबत नेलं, तर दोनदा फडातून निसटून ती ट्रकच्या रस्त्यावर सापडली. यंदा आजी भागिरथा म्हणाली, "दिवसभर शायेत टिकत असन त मी ठेवतो. मले आता तिच्यामागं पयता येत नाही." आई देवलाचं म्हणणं, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भरवसा नाही. बाईंनी छाती ठोकून सांगितलं, "सोमवारी या अन् पाहा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोमवारी देवला, भागिरथा आणि भाऊसिंग सर वर्गात मागे बसले. एक तास गेला, दुसरा गेला. वैभवी दाणे निवडत होती. बाईंनी फळ्यावर सात काढला. पोरांनी वह्यांत उतरवला. आणि वैभवी उठली, बाईंपाशी आली, त्यांचा हात ओढून तळव्यावर तुरीचे सात दाणे ठेवले. असं तिनं आजवर कधीच केलं नव्हतं. देवलानं तोंडाला पदर लावला. बाईंचा ऊर असा भरून आला, की बावीस वर्षांची सवय तोंडातून निघून गेली.

"शाब्बास वैभवी! हिच्यासाठी टाळ्या!"

चौतीस पोरं, आणि शब्द खाली पडू द्यायचा नाही ही शिस्त बाईंनीच लावलेली. सगळ्यांनी एका सुरात मोजत टाळ्या धरल्या: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. बाई "नको, नको" म्हणाल्या, ते त्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही.

डबा उडाला. वैभवीनं भिंतीवर डोकं आपटलं. आजी आवरायला धावली आणि तिच्याच मनगटात दात रुतले. म्हातारीची कातडी ती केवढी, रक्त आलं. पोरगी शांत व्हायला अर्धा तास लागला.

भागिरथा रागावली नाही, हेच वाईट झालं. मनगटाला फडकं गुंडाळत ती एवढंच म्हणाली, "नाई जमनार बाई माह्याच्यानं."

"चूक माही झाली, आजी," बाई म्हणाल्या. "टाळ्या मी सांगितल्या. तिचा काही दोष नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी दोष दिला नाही आणि कुणी मतही बदललं नाही. वैभवीला आपल्याच घरी न्यावं असं बाईंच्या मनात आलं. पण घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता, आणि मनातलं मनातच राहिलं.

शाळा सुटल्यावर देवला एकटीच थांबली.

"बाई, तुमाले तिचं समदं समजते. मले एक सांगा. कोयता चालवाले दोन्ही हात लागतात. यंदा तिले बांधाच लागन. कमरेले बांधलं त कमी चिडन, का पायाले?"

बांधू नको, हे बाईंच्या ओठावर आलं होतं. पण मग तो ट्रकचा रस्ता.

"कमरेले," त्या म्हणाल्या. "ओढनीनं बांध, दोरानं नको. अन् गाठ सैल ठेव."

विसरायला नको म्हणून देवलानं ते लगेच म्हणून दाखवलं, "कमरेले. ओढनीनं. सैल."