नाटकातली फटफटी

त्या हिरोवरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस तसा गोड बोलायचा, दिसायलाही बरा होता. पण त्याने मला एक मोटरसायकल विकली आणि नंतर ती विकलीच नाही असा वागला. हे मी विसरणार नाही.

नव्वदच्या दशकात मी मुलचेरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. नदीपलीकडची गावं माझ्याकडे होती. एसटी मनात आलं तर यायची आणि नाल्याला पाणी असलं की तेही नाही. लशीचा डबा मात्र बर्फ वितळायच्या आत गावात पोचायला हवा. यावर आमच्या डॉक्टरसाहेबांनी उपाय सांगितला, पुरुष कर्मचाऱ्याच्या गाडीवर मागे बसून जा. हा गृहस्थ उन्हं डोक्यावर आल्याशिवाय निघायचा नाही आणि वाटेतला एकही पानठेला सोडायचा नाही. तो निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतोय, शेजारी मी डबा छातीशी धरून उभी, आणि आत बर्फाचं पाणी होतंय. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा गावात पोचलो तर बाया पोरांना घेऊन वाट पाहून पाहून रानात निघून गेलेल्या. त्या दिवशी मी ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची.

जो तो म्हणाला, मोपेड घ्या. मोपेड घेऊन नाल्यातल्या दगडांतून जाऊन दाखवा म्हणावं! मला गिअरची, दणकट गाडी हवी होती. माझ्या पगारात नवी बसत नव्हती. उन्हाळ्यात वडशाला आत्याकडे गेले, तेव्हा तिच्या गल्लीतच एक टू-स्ट्रोक मोटरसायकल विकायला आहे असं कळलं. लाल रंगाची, चकचकीत. मालक झाडीपट्टीतल्या नाटकांत हिरोचं काम करणारा.

"बाई, गाडी जास्त चाललीच नाई," तो म्हणाला. "तुमीच पाहून घ्या ना."

टायर खरंच कोरे होते. मी हुरळले आणि गाडी घेतली. कागद माझ्या नावावर करून घेतले, एवढी अक्कल तरी मी दाखवली.

गावी आणली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने रंग दाखवले. चढावर दम टाकायची. धूर तर असा ओकायची की माझी पांढरी साडी घरी येईपर्यंत राखाडी व्हायची. मुलचेऱ्याच्या मिस्त्रीकडे नेली. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी एअर फिल्टर उघडलं तर आतून गुलाल सांडला. सायलेन्सरमध्ये बोटभर काजळी. चाचांनी तो गुलाल बोटावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले.

"ये गाडी चली नई बाई, खाली चिल्लाई है!"

मग उलगडा झाला. हिवाळाभर ही गाडी स्टेजवर होती. विंगेतून निघायचं, पहिल्या गिअरमध्ये मधोमध यायचं, तिथे उभ्या उभ्या ॲक्सिलरेटर पिळायचा, उधळलेला गुलाल आणि शिट्ट्या झेलायच्या. हिरोची एंट्री. धूर भरपूर दिसावा म्हणून पेट्रोलमध्ये तेल दुप्पट ओतायचं. ती जास्त चालली नव्हती हे अगदी खरं होतं. माझ्या तोंडाला पानं पुसणाऱ्याने एक शब्दही खोटा वापरला नव्हता, याचाच जास्त संताप आला.

चाचांनी सायलेन्सर विस्तवात घालून काजळी जाळली, रिंगा बदलल्या. बाकीचं मी शिकले. तेल मापानेच घालायचं. प्लग काळा पडला की पॉलिश पेपरने घासायचा. एक जादा प्लग चिंधीत गुंडाळून पिशवीत ठेवायचा. गाडी तापली की मोहाच्या सावलीत थांबायचं, तिच्याशी भांडायचं नाही. साडीखाली सलवार घालून मी नाले पार करू लागले आणि बर्फ असतानाच गावात पोचू लागले.

याचं कौतुक व्हावं की नाही? झालं ते असं. चौकातली रिकामटेकडी मंडळी म्हणायची, "बाईमाणूस फटफटीवर शोभते का?" नदीपलीकडच्या बायासुद्धा पहिल्यांदा पदर तोंडात धरून हसल्या. साहेब म्हणाले, "हौस झाली असेल तर ठीक. पण एकदा जरी गाडीपायी डबा उशिरा पोचला, तर ती गावं मी पुन्हा त्या पुरुष कर्मचाऱ्याकडे देईन. तुम्ही उपकेंद्रात बसा." पानठेल्यांपायी डबा रोज उशिरा पोचत होता तेव्हा हे साहेब कुठे होते, देव जाणे. पण धमकी खरी होती. गाडी बंद पडली की माझी गावं गेली.

दिवाळी झाली आणि एक दिवस हिरो दारात उभा.

"बाई, सीजन सुरू झाला. गाडी नेतो म्हटलं."

"कुठे नेता?"

"नाटकात. तुमच्याच गावात शंकरपट हाय ना, पटावर आमचं नाटक हाय. माही एंट्री हाय त्याच्यात."

"भाऊ, तुम्ही ती विकलीय मला."

"विकली ना. नाई कोण म्हणते? पण सीजनले तं लागतेच."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. आमच्याकडे रीतच तशी. शंकरपटाला दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक; आणि नाटक आलं की स्टेजवरचा सोफा, पलंग, कपबश्या, नवरीचा शालूसुद्धा गावातून मागून नेतात. नाही म्हणायचं नसतं. माइकवर नाव पुकारतात, देणारा खूश. उन्हाळ्यात विकलेली बाजाची पेटीसुद्धा हंगामात हक्काने मागून नेतात. पण सोफ्यावर बसून कोणी लस टोचायला जात नाही! मी नाही म्हणाले. तो दुखावला, जणू मीच त्याची फसवणूक केली होती.

मग गाव मागे लागलं. माझे घरमालकच नाटक समितीचे अध्यक्ष. "बाई, तुमचं नाव माइकवर दोनदा घेऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, "उद्या माझी नदीपलीकडची फेरी आहे. गाडीला काही झालं तर माझं नाव साहेब घेतील, तेही एकदाच." ते हसले. मला वाटलं, समजले.

नाटकाच्या दिवशी दुपारी उपकेंद्रातून घरी आले तर अंगण रिकामं. घरमालकांनी गाडी ढकलत नेली होती. किल्ली माझ्या पिशवीत होती, पण त्या जुन्या गाडीला किल्लीची गरज नाही हे हिरोइतकं कोणाला ठाऊक? तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच पटाच्या मैदानावर गेले.

स्टेजवर ट्रायल चालली होती. निम्मं गाव खाली उभं. गॉगल लावलेला हिरो किकवर किक मारत होता आणि गाडी ढिम्म. चोक ओढून ओढून त्याने इंजिनात पेट्रोल तुंबवलं होतं. वास खालपर्यंत येत होता.

कोणीतरी ओरडलं, "अरे, बाई आली! तिलेच चालू होते ते!"

"हो हो, बाईले वर येऊ द्या!"

कालपर्यंत न शोभणारी बाई आता सगळ्यांना स्टेजवर हवी होती. मी स्टेजला लावलेल्या फळीवरून वर चढले. पेट्रोलचा कॉक बंद केला, पिशवीतल्या पान्याने प्लग काढला, पदराला पुसला, फुंकून परत बसवला. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारली. दुसऱ्या किकला गाडी कडाडली. शिट्ट्या, टाळ्या. घरमालक तर माइकवर माझं नाव घेऊ लागले.

हिरोने गॉगल सारखा केला. "उतरा बाई, आता मी बसतो."

मला त्या क्षणी फक्त उद्याचा बर्फाचा डबा दिसत होता. मी कॉक उघडला, गिअर टाकला, फळीवरून गाडी खाली उतरवली आणि लोकांमधून वाट काढत थेट घरी आणली. रात्री ती माझ्या खोलीत, माझ्या खाटेशेजारी होती. हिरोची एंट्री पायीच झाली, असं कळलं. गाव माझ्यावर चिडलं. चिडू दे.

सकाळी बर्फ भरून निघाले. नदीपलीकडच्या गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. बाया पोरांना कडेवर घेऊन झाडाखाली बसल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच जणी रात्री नाटक पाहून पहाटे चालत आलेल्या. पहिल्या दिवशी पदर तोंडात धरून सगळ्यात जास्त हसलेली बाई पुढेच होती.

"काऊन नाई देली त्याले गाडी?" तिने विचारलं.

मी रागातच होते. "माझी आहे म्हणून."

तिने पोराची बाही वर सरकवली, त्याचा दंड घट्ट धरला आणि माझ्यापुढे केला.

"बरं केलं बाई," ती म्हणाली. "त्याले कुठी जाचं होतं?"