बेरीज कार्ड करतं म्हणणारा रमाकांत

रमाकांत गेला. आज दहावा झाला.
त्याची नोकरी मी घालवली होती.

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या एका कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो. तो आटगावचा, मी वैशाखऱ्याचा. केबिन एकच, जेवण एकत्र. त्याच्या डब्यात सुकट असली की माझी भाजी तशीच घरी परत जायची.

अख्ख्या मुरबाडात नेटवर्कबद्दल ज्याच्याशी बोलावं असा मला तो एकच होता. आणि त्याला मी.

आमचा सर्व्हर जुना. दुपारी सगळे कामाला लागले की धापा टाकायचा.
रमाकांतने नवीन नेटवर्क कार्ड आणून बसवलं.

"हे बघ, माहितीचं एकेक पॅकेट पाठवताना त्यातल्या आकड्यांची बेरीज करून सोबत लिवायची. पलीकडचा ती ताडून बघतो, वाटेत काय बिघडलं का. आजवर ही हमाली सर्व्हर करायचा. आता कार्ड करल. त्याला दुसरं काम काय हाय?"

एक सेटिंग बदलली आणि सर्व्हर खरंच सुटला.
साहेबांनी बोलावून चहा पाजला. त्याला एकट्याला.
मला लागलं. खोटं कशाला बोलू?

थोड्याच दिवसांत गोडाऊनचं कनेक्शन सारखं तुटायला लागलं. ट्रक भरून उभे, मालाचं चलन निघेना.

रमाकांत त्या दिवशी रजेवर. मी सर्व्हरवर पॅकेट तपासायचा प्रोग्राम लावला. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर ओळीने एकच शेरा: चेकसम, म्हणजे तीच बेरीज, चुकीचा.

प्रिंट काढली आणि तडक साहेबांकडे गेलो.
"रमाकांतने सेटिंग बदलल्यापासून बेरीज चुकतेय, सर."

एक दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तो मला म्हणाला, "तू सर्व्हरवरूनच बघितलंस ना? मग चूकच दिसल. कार्डात जायच्या आधीचं पॅकेट हाय ते, बेरीज अजून झालीच नाय. गोडाऊनच्या मशीनवरून बघ रे एकदा."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांच्या हातात माझा कागद होता.
मी बुटांकडे बघत उभा राहिलो.

महिनाअखेर त्याला घरी बसवलं.

तो गेल्यावर मी गोडाऊनच्या मशीनवरून बघितलं. जी पॅकेटं पोचत होती, त्यांची बेरीज एकूण एक बरोबर.
केबल एका लोखंडी पिंपाखाली चेपली गेली होती. ती बदलली, काम सुरू झालं.
साहेब म्हणाले, "शाब्बास."
तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

मग त्या केबिनमध्ये मी एकटा. डबा उघडायचो, चार घास खायचो, झाकण लावायचो. काही नवीन जमलं तर सांगायला कुणी नाही. चेकसम म्हटलं की लोक विषय बदलायचे. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि केलं माझं मीच होतं.

त्याने शहापूरला रिपेअरिंगचं दुकान टाकलं. एकदा एसटी स्टँडवर भेटला. मी नजर चुकवणार, तोवर त्यानेच हाक मारली.

"काय रे, बरा हायस ना? ये कवातरी दुकानात. बोलायला कोणी नाय इथं."

"येतो," म्हणालो.
कधीच गेलो नाही.

आज दहाव्याला वहिनी भेटल्या. त्याची बायको. मी नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तुमीच ते? तुमचं नाव लय घ्यायचे. कवा आलात नाय तुमी. भांडाण झालेलं का?"

"नाही वहिनी. टाइमच मिळाला नाही."

दहाव्याला उभं राहून हे बोललो मी.

वहिनी फेसबुकवर नाहीत. पण शहापूरची तुम्ही बरीच मंडळी त्याच्या दुकानात जायचात. कुणीतरी घरी जाऊन त्यांना एवढं वाचून दाखवा:

वहिनी, रमाकांतचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि इतकी वर्षं ती मला माहीत होती.

तुम्ही म्हणाल तेव्हा येतो.

रमाकांत, माझा नमस्कार घे रे.